उणे बावन्नातले तीन फोटो

मी थंड ओसरीतल्या फळीवरून बोलतोय. हो, कॅमेराच. एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूला गोठलेल्या माशांची टोपली, आणि मधे मी. आधीच सांगून टाकतो, मला जन्मापासून काळजी करायची खोड आहे.

तशी कारणंही होती. माझ्या खोक्यातल्या कागदावर साफ लिहिलं होतं, 'शून्य ते चाळीस अंशांत वापरावा.' आणि मी येऊन पडलो कुठे, तर सायबेरियातल्या लेना नदीपलीकडे, साखा लोकांच्या गावात! शहरात शिकणाऱ्या लेकीने मला आईसाठी पाठवलं होतं. आईने, म्हणजे माईसने, तो कागद मोठ्यांदा वाचला. तिचा नवरा जोगोर हातातला चहा सांडेस्तोवर हसला.

"शून्य? अगं, शून्याला तर आम्ही टोपी काढून फिरतो!"

मला काही हसू आलं नाही.

चार हिवाळे बरे गेले. घरातच असायचो. वाढदिवस, सायीची धिरडी, पाहुण्यांचे लाल गाल. माईसने मला लोकरीची पिशवी विणली होती. बाहेरून कुणी आलं की त्याला ओढून चुलीपाशी बसवायचं, ही तिची सवय. परका असो, शत्रू असो, आधी ऊब, मग बोलणं.

मग या जानेवारीत गावच्या संस्थेचा मोठा घोडा रानात मेला. त्या घोड्यांच्या कळपाचा राखणदार जोगोर. संस्थेचा अध्यक्ष बायबाल लंगडत घरी आला. दोघे लहानपणचे दोस्त.

"जोगोर, गाव बोलतंय. म्हणे लांडगे कसले, तूच कापून खाल्लास."

"तुला काय वाटतं?"

बायबाल गुडघा चोळू लागला. "परवा दुपारी बैठक आहे. लांडगे होते तर दाखव. नाहीतर कळप दुसऱ्याकडे जाईल."

"चल की मग उद्या, दाखवतो."

"या गुडघ्याने? मला घोड्यावर चढवायला चार माणसं लागतात, उतरवायला सहा."

एकतीस वर्षं जोगोरने तो कळप राखला होता. प्रत्येक घोडीची आई त्याला ठाऊक. तो खिडकीशी जाऊन आभाळ बघत राहिला. थंडी सैल पडायची चिन्हं होती. थंडी उतरली की बर्फ पडणार, आणि बर्फ पडला की लांडग्यांचे ठसे गेलेच.

सकाळी त्याने चुलीतल्या आगीला लोण्याचा नैवेद्य दिला, माझे दोन सेल काढून काखेत दाबले आणि मला खोगिराच्या थैलीत टाकलं. उणे बावन्न! माझ्या अंगातला स्क्रू न् स्क्रू आखडला. पण माणूस शहाणा होता. सेल उबेत, मी गारठ्यात. गारठलेलं लोखंड उबेत आणलं की त्याला पाणी सुटतं, हे बंदूक वापरणाऱ्याला सांगावं लागत नाही.

घोडा पडला होता तिथे पोचल्यावर त्याने हातमोजा काढला, सेल बसवले, श्वास रोखला आणि बटण दाबलं. एक. पुन्हा दाबलं. दोन. माझा पडदा काळा पडला, सेल मेले. त्याने ते पुन्हा काखेत घातले आणि थांबला. मग लांडग्याच्या ठशाशेजारी आपला हातमोजा ठेवला, आकार कळावा म्हणून. आता हात उघडाच! बोटं पांढरी पडू लागली. अरे बाबा, पुरे, घाल तो हातमोजा, असं मी ओरडत होतो. पण माझं कोण ऐकतो? त्याने सेल पुन्हा बसवले, बटण दाबलं. तीन.

फोटो आले की नाही, त्याला कळेना. खरं सांगतो, मलाही कळेना.

घरी आल्यावर त्याने मला या फळीवर ठेवलं, सेल माईसच्या हाती दिले आणि तो घोड्याला चारा टाकायला गेला. माईसचा जीव टांगणीला लागलेला. फोटो आले नसतील तर ते आधी आपल्याला कळावं, म्हणजे त्याला नीट सांगता येईल, एवढंच तिच्या मनात होतं. तिने मला आत नेलं, शालीत गुंडाळून चुलीपाशी ठेवलं. "दमलास रे बाळा," म्हणाली.

मला दरदरून घाम फुटला. बाहेर, आत, डोळ्याच्या काचेमागे, सगळीकडे पाणी. आणि तशातच तिने सेल घातले आणि बटण दाबलं. आत कुठेतरी चट् झालं.

जोगोर दारात उभा होता. "अगं, बंदूक कधी अशी आत आणलीस का?"

"अहो, ती बंदूक आहे! हा... याने आपलं काम केलं होतं हो. त्याला थंडीत कसं ठेवू?" ती रडायलाच लागली.

तो रागावला नाही. पांढऱ्या बोटांनी त्याने माझ्यातलं कार्ड काढलं, कापडाने पुसलं आणि उशाखाली ठेवलं. पहाटे बर्फ पडायला लागला.

बैठकीत, माईस मागाहून सांगत होती, ते कार्ड संगणकात घातलं. पहिला फोटो काळा. दुसरा काळा. कुणीतरी हसलं. तिसऱ्यात ताटलीएवढा ठसा, शेजारी हातमोजा, आणि कडेला जोगोरचं उघडं, मेणासारखं बोट. बायबालने फोटोकडे पाहिलं, मग जोगोरच्या हाताला बांधलेल्या चिंधीकडे.

"कळप तुझाच," तो म्हणाला. "मी विचारायलाच नको होतं रे."

मी काही पुन्हा सुरू झालो नाही. माईसनेच मला बंदुकीशेजारी ठेवलं. येता-जाता ती माझ्याकडे हात पुढे करते, आत न्यावंसं वाटतं तिला, आणि मग हात मागे घेते. बायांनो, बाबांनो, गारठ्यातून आलेल्याला ऊब द्या, पण माझ्यासारख्याला जरा सावकाश द्या हो. अंग कोरडं होईस्तोवर बटणाला हात लावू नका.

वसंतात जोगोर ओसरीत आला. त्या बोटाचं एक पेर आता नाही. त्याच अर्ध्या बोटाने त्याने माझं बटण हलकेच दाबलं. काही झालं नाही. पण बोट मी ओळखलं.