करवलीची ग्वाही

दुपारी दीड ते दोन एवढा वेळ करिष्माचा स्वतःचा असे. चिखलीतल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. शेतकऱ्यांनी आणलेल्या पिशव्या उघडायच्या, माती ताटांत पसरून सावलीत वाळवायची, चाळायची, तिचा सामू म्हणजे पीएच मोजायचा, तक्ता भरायचा. दीडला डबा उघडला की मोबाइल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा, कानांत इअरफोन घालायचे आणि मालिकेचा पुढचा भाग लावायचा.

या मालिका दोन मुलग्यांच्या प्रेमाच्या असत. थायलंडच्या, कोरियाच्या, जपानच्या, तैवानच्या. त्यांच्यावर ती इन्स्टाग्रामच्या एका पानावर मराठीत मतं लिहायची. पानावर तिचं नाव नव्हतं, फोटो नव्हता, पण अकराशे वाचक होते. थाई मालिकेत मधले चार भाग नुसते समुद्रकिनाऱ्यावर जातात, असं तिचं मत होतं. कोरियन मालिकेला इतकी घाई, की दोघांचं जमतं न जमतं तोच शेवटची नावं पडद्यावर येतात. जपानी माणसं मात्र समोरासमोर बसून मुकाट्याने जेवतात आणि त्यातच सगळं सांगून टाकतात.

तिची मोठी तक्रार वेगळीच होती. नायकाची घरच्यांनी ठरवलेली नवरी. एका मालिकेत ती बाई किती वेळ दिसते हे करिष्माने चक्क घड्याळ लावून मोजलं. बारा भागांत अकरा मिनिटं. ‘तिला फक्त अडथळा म्हणून आणतात,’ असं तिने लिहिलं होतं. ‘तिचं आयुष्य कोणी विचारतच नाही.’ रसायनशास्त्राची पदवीधर होती ती. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, हा तिचा बाणा होता.

पानाचा सगळ्यात जुना वाचक म्हणजे तिचा मोठा भाऊ भागवत.

भागवत अठ्ठावीस वर्षांचा, घरची शेती पाहणारा, कमी बोलणारा. दोन वर्षांपूर्वी दोघं भावंडं वावरात ठिबकच्या नळ्या जोडत बसली होती, तेव्हा तो खाली पाहतच म्हणाला, “करिष्मे, तुह्या त्या मालिकेतले पोरं असतात ना, मी तसाच आहे.”

“राम?” तिने विचारलं. राम हा त्याचा शाळेपासूनचा मित्र.

“हाव.”

करिष्माला तेव्हा काय वाटलं असेल? भीती नाही, काळजीही नाही. आनंद झाला. आपल्या घरात, आपल्या वावरात खरीखुरी गोष्ट! तिने लगेच विचारलं, “पहिल्यांदा कोण बोललं रे? तू का राम?”

भागवतने हातातली नळी खाली ठेवली. “हे काय टीव्हीतलं आहे काय बे?” एवढं म्हणून तो मोटर बंद करायला निघून गेला. तो प्रश्न आठवला की पुढे कितीतरी दिवस तिचे कान तापायचे.

मागच्या उन्हाळ्यात रामचं लग्न लावून दिलं. सहा महिन्यांत त्याची बायको वडनेर भोलजीला माहेरी जाऊन बसली. का गेली ते गावात कोणाला ठाऊक नव्हतं. खरं कारण त्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

किसनराव आणि जयमाला, भागवतचे आई-वडील, यांना मुलाचं सगळं माहीत होतं आणि काहीच माहीत नव्हतं. एकदा त्याच्या मोबाइलवर किसनरावांनी काहीतरी वाचलं होतं. त्यावर ते एवढंच म्हणाले, “मले काही सांगू नका. लग्न लावा त्याचं.” जयमालाबाई तर रोज म्हणत, “बायको आली की सगळं ठिकाणावर येते.”

आपल्याकडे ही जुनीच खोड आहे. पोरगा पितो? लग्न लावा. कामधंदा करत नाही? लग्न लावा. डोक्यावर परिणाम झाला? लग्न लावा. लग्न हे औषध, आणि ते औषध दुसऱ्याच्या घरून आणायचं. ज्या पोरीच्या जिवावर इलाज करायचा, तिला रोगाचं नावसुद्धा कोणी सांगत नाही. आणि भागवतला तर रोगही नव्हता.

बीबी गावची सोयरीक रंगरावमामांनी आणली. “भाऊजी, नाही म्हणू नका,” ते किसनरावांना म्हणाले. “आजकाल शेती करणाऱ्या पोराले कोण पोरगी देते? पोरींचे बाप पहिले विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे काय! हे माणसं वावर पाहून देऊन राह्यले. नशीब समजा.”

पाहायला जायच्या दिवशी भागवतने इस्त्रीचा शर्ट घातला आणि जीपमध्ये खिडकीशी जाऊन बसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

बीबीला मुलीच्या वडिलांच्या, नारायणरावांच्या घरी पोहे झाले, चहा झाला. त्यांची मुलगी डिंपल सगळ्यांच्या पाया पडून आत गेली, तेव्हा जयमालाबाईंनी करिष्माला कोपर मारलं. “जाय, बोल तिच्याशी. उद्याची करवली तू. पोरींचं पोरींपाशी खुलते.”

ही तिकडची रीतच आहे. मुलाला आणि मुलीला एकटं बसवत नाहीत. मुलाची बहीण आत जाते. मुलीला जे विचारायचं ते ती त्या बहिणीला विचारते, आणि बहीण सांगेल ते खरं धरून चालते.

आतल्या खोलीत कोपऱ्यात मळलेले पळायचे बूट होते. डिंपल पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे सुलतानपूरच्या रस्त्याने पाच किलोमीटर पळायची. “आमच्या गावची कुत्री मला आता वळखतात,” ती हसून म्हणाली. “पहिल्यांदा मागं लागायची, त्याच्यामुळंच माझा टायमिंग सुधारला.” करिष्मा मनापासून हसली. पोरगी आवडली तिला.

मग डिंपलने दार अर्धं लोटलं आणि आवाज खाली आणला. “ताई, एक विचारू? राग नका मानू. तुमच्या भावाला ही सोयरीक मनातून पसंत हाय ना? त्यायनं एकदाबी वर पाह्यलं नाही.”

प्रश्न सरळ होता. त्याला खरी उत्तरं दोन-तीन तरी होती. ‘ते तुम्ही त्यालाच विचारा,’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. भागवतचं गुपित कुठेही उघडं पडलं नसतं. पण बाहेर आई कान देऊन बसली होती, रंगरावमामांचं मोठ्याने हसणं ऐकू येत होतं, आणि करिष्माच्या तोंडून सहज, गोड आवाजात निघून गेलं, “अहो, लाजाळू आहे तो. बाकी काही नाही. घरी तुमचा फोटो चार वेळा पाह्यला त्याने.”

फोटो त्याने एकदाही पाहिला नव्हता. चार हा आकडा कुठून आला, ते तिला स्वतःलाही कळलं नाही.

डिंपलचा चेहरा उजळला. बाहेर सुपारी फुटली. पुढच्या रविवारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं, पेढे वाटले गेले.

परतीच्या जीपमध्ये करिष्माने मोबाइल काढला. पानावर कोणीतरी विचारलं होतं, ‘ताई, या मालिकेतली नायकाची बहीण सगळं माहीत असून गप्प बसते. तिच्या जागी तुम्ही असता तर?’ पेढ्याची चव अजून जिभेवर होती. सवयीने बोटं चालली, ‘मी भावाच्याही बाजूने उभी राहिले असते आणि त्या मुलीच्याही. गप्प बसणं हाही खोटेपणाच.’ बघता बघता त्यावर लाल बदाम पडू लागले.

शेजारी बसलेल्या भागवतचा मोबाइल थरथरला. त्याने पाहिलं, सावकाश वाचलं, मोबाइल खिशात ठेवला.

“चांगलं लिहिलं,” तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

जीपमधून उडी मारावी असं वाटलं तिला. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ते उत्तर तिने घरी पोचताच पुसून टाकलं. पण बीबीच्या खोलीतलं उत्तर कसं पुसणार? तीन दिवस प्रयोगशाळेत तिचे आकडे चुकत राहिले. एकच नमुना तिने तीनदा तपासला. दीड वाजता डबा उघडायची आणि तसाच बंद करायची. मालिका लावावीशी वाटेना. पडद्यावर कोणी रडलं की आपणही रडायचो, आणि त्या रडण्यालाच आपण माणुसकी समजत होतो, हे आठवून तिला स्वतःची किळस येई.

गुरुवारी सकाळी ती कामावर न जाता वावरात गेली. भागवत तुरीत फवारणी करत होता.

“दादा, तू नाही म्हण ना.”

“काऊन म्हणून विचारतीन. काय सांगू?” त्याने पंप खाली ठेवला. “आई म्हणते, विहिरीत उडी घेतो. बाबा तर बोलतच नाही. राम म्हणे, होते सवय. त्याले कुठं झाली? त्याच्या बायकोले झाली काय?”

“तुहं काही मी सांगत नाही. ते तुहं आहे.” करिष्मा म्हणाली. “पण मी त्या पोरीशी खोटं बोललो ना, ते माहं आहे. तेवढं मागं घेऊन येतो. घेऊ?”

भागवतने पंप पुन्हा पाठीवर चढवला. मग म्हणाला, “घे.”

दोन बस बदलून ती दुपारी बीबीला पोचली. डिंपल अंगणात कपडे वाळत घालत होती. तिला पाहून धावतच आली, “ताई, तुम्ही? असं अचानक?”

करिष्माने उभ्याउभ्याच सांगितलं. “मी तुम्हाले खोटं सांगितलं. त्याले हे लग्न नाही पाहिजे. फोटो त्याने पाह्यला नाही. तुमच्यात काही कमी नाही. आमच्या घरचे जबरदस्ती करून राह्यले.”

“दुसरी कोणी पोरगी हाय?”

“नाही.”

“मंग?”

“ते सांगायचा हक्क मले नाही. पण तो बदलणार नाही. कधीच नाही.”

डिंपलच्या हातात ओली ओढणी तशीच राहिली. तिने करिष्माकडे असं पाहिलं, की करिष्माची नजर खाली गेली.

“त्या दिवशी सांगितलं असतं,” डिंपल हळूच म्हणाली, “तर मी भायेर येऊन नापसंत म्हनले असते. पोरीनं नाही म्हटलं, एवढंच झालं असतं. आता आमच्या अण्णांनी अख्ख्या गावाला आवतन दिलं. आता मी सोयरीक मोडलेली पोरगी. भरतीचं सोडा, रस्त्यानं पळाया निघाले तरी लोक म्हनतील, हिच्यातच काही असंल.”

“माफ करा—”

“माफी ऱ्हाऊ द्या. हे अण्णाला सांगा. मी नाही सांगनार. तुमचं खोटं मी काऊन उचलू?”

ओसरीवर नारायणराव दोघा भाऊबंदांबरोबर बसले होते. त्यांची बहीण सोजराबाई शेंगा फोडत होती. करिष्माने तेच पुन्हा सांगितलं. ऐकता ऐकता नारायणराव उठून उभे राहिले.

“पोरगं पितं का? काही आजार?”

“नाही काका.”

“मंग काऊन? साक्षगंध तीन दिवसांवर आलं अन् पोरीला पाठवता? बाप्ये मेले का तुमच्या घरचे?” त्यांनी तिथेच किसनरावांना फोन लावला आणि मोबाइल सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

“येडी आहे पोरगी माही!” पलीकडून किसनरावांचा आवाज फुटला. “जास्त शिकली, मोबाइल पाहू पाहू डोकं फिरलं तिचं. तुम्ही काही मनावर घेऊ नका पाहुणे. रविवारी आम्ही येतोच—”

मध्येच खडखड झाली. ओढाताण चालल्यासारखा आवाज आला. मागून जयमालाबाईंचं ‘अरे नको रे, नको’ ऐकू आलं. मग एक वेगळा, सावकाश आवाज.

“काका, मी भागवत. करिष्मा खरं बोलते. मले लग्न करायचं नाही. तुमच्या पोरीत खोट नाही. मले कोणत्याच पोरीशी लग्न करायचं नाही. हे मी त्या दिवशी तुमच्या तोंडावर सांगाले पाहिजे होतं. चूक माही आहे. तुम्ही चार लोकांत सांगा, पोराचाच नकार होता, पोरगी चांगली आहे. मी स्वतः येऊन सांगीन.”

फोन बंद झाला. नारायणराव मोबाइलकडे पाहत खाली बसले. करिष्माला कोणी बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. डिंपल दारात उभी होती. ती वळून आत गेली.

करिष्मा फाट्याकडे निघाली. घरी आता काय वाढून ठेवलंय, हे तिला ठाऊक होतं. पण मनात त्याची भीती नव्हती. खरं बोलून आल्यावर हलकं वाटतं म्हणतात, तसंही काही वाटत नव्हतं. एका पोरीचा चेहरा तिने खोट्याने उजळवला होता आणि खऱ्याने विझवला होता. दोन्ही वेळी बोलणारी तीच होती.

मागून चपलांचा आवाज आला. सोजराबाई होत्या. धापा टाकत त्या तिच्याबरोबर फाट्यावरच्या झाडाखाली उभ्या राहिल्या. मग पदराने तोंड पुसून म्हणाल्या, “माझी पोरगी महामाया. तिच्या लग्नाला अकरा वरसं झाली. जावई लई चांगला. पीत नाही, मारत नाही, घरात काही कमी पडू देत नाही. फक्त तिच्याकडं पाहत नाही. डाक्टर झाले, देव झाले, उपास झाले. ती अजून आपल्यातच खोट हुडकती.”

करिष्मा रस्त्याकडे पाहू लागली.

“जावयालाबी बहीण हाय,” सोजराबाई म्हणाल्या. “तुझ्यासारखीच, शिकल्याली. पाहाया आली तवा माझ्या पोरीला हातानं पेढा भरवून गेली होती.” त्यांनी करिष्माच्या डोळ्यांत पाहिलं. आवाजात राग नव्हता. “तिला ठाव असंल का गं, पोरी?”

मेहकरची बस वळणावर दिसली, आली, थांबली. कंडक्टरने दार उघडून दोनदा हाक मारली. सोजराबाई उत्तरासाठी उभ्याच होत्या.