लसणाचा वास कसा असतो?

लिफ्ट बंद होती तोवर इमारतीतल्या माणसांची एकमेकांशी चांगली गट्टी जमली होती. सामानाच्या पिशव्या घेऊन जिना चढायचा म्हटलं की मध्ये कुठेतरी टेकावं लागतं, आणि टेकलं की बोलावं लागतं. मग लिफ्ट दुरुस्त झाली आणि बघता बघता जिना ओस पडला. तेव्हा तळमजल्यावरच्या काकूंनी टूम काढली की रविवारी संध्याकाळी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांनी जमायचं आणि प्रत्येक घरातून एकेक पदार्थ आणायचा. वरच्या मजल्यावरच्या आत्यांच्या वाट्याला चीज गार्लिक ब्रेड आला. म्हणजे आला कसला, त्यांच्या भाचीने तो परस्पर कबूल करून टाकला.

“सगळ्यांना तुझाच हवाय गं, आत्या. मी हो म्हणून बसले.”

आत्यांचं चष्म्याचं दुकान होतं. भाची छापखान्यात कामाला होती आणि शिकायला म्हणून आली ती आत्यांकडेच राहिली होती. तिच्यामुळे सगळी इमारत त्यांना आत्याच म्हणायची. आत्या ब्रेडला नाही म्हणाल्या नाहीत. पण एक गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, अगदी भाचीलासुद्धा. गेल्या थंडीत ताप आला तो गेला, पण जाताना त्यांच्या नाकाची वास घ्यायची ताकद घेऊन गेला. साबण, कॉफी, नवा कागद, कशालाच वास नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. नाही आला तर सवय होईल. भाचीला सांगावं तर ती घाबरून स्वयंपाकघराचा ताबा घेईल, म्हणून आत्या गप्प राहिल्या. रोजचं जेवण अंदाजाने निभावून नेता येत होतं. पण ज्या पदार्थाचा जीवच वासात आहे, तो कसा करायचा?

दुपारी त्यांनी लसूण सोलायला घेतला. सालं बोटांना चिकटत होती, पाकळी दाबली की नखाखाली चिकट ओल यायची. त्यांनी सवयीने बोटं नाकाशी नेली. काही नाही. तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं, की लसणाचा वास कसा असतो? आयुष्यभर घेतला, पण सांग म्हटलं तर सांगता येईना.

मग त्यांनी दुकानातली युक्ती काढली. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि विचारायचं. ब्रेडच्या एका तुकड्यावर त्यांनी कच्चा लसूण ठेचून बटरमध्ये कालवून लावला. दुसऱ्या तुकड्यासाठी बटर मंद आचेवर वितळवून त्यात लसूण सोडला, बुडबुड्यांचा आवाज बारीक होईपर्यंत आणि कडा जेमतेम सोनेरी होईपर्यंत ठेवला. दोन्हींवर चीज किसून घातलं, भाजलं आणि भाचीला हाक मारली.

“डोळे मिट. पहिला बरा की दुसरा?”

“दुसरा.”

“का?”

“का म्हणजे? छान आहे.”

“छान म्हणजे कसा? नीट सांग.”

भाचीने एक डोळा उघडून बघितलं, पुन्हा मिटला. “पहिला अंगावर येतो. तावातावाने भांडायला आल्यासारखा. दुसराही तोच आहे, पण भांडण मिटवून आत येऊन बसलाय. आज झालंय काय तुला?”

“काही नाही. विचारलं आपलं,” आत्या म्हणाल्या आणि सगळ्या ब्रेडना दुसरंच बटर लावलं. चिरा पार तळापर्यंत न नेता त्यांनी एकेका चिरेत बटर भरलं, वर चीज आणि चिमूट चिमूट ओरिगॅनो. ओव्हनच्या काचेतून चीजला फुगे येऊन त्यावर तांबूस ठिपके पडलेले दिसले, तसं त्यांनी ताट बाहेर काढलं आणि वर फॉइल झाकलं.

भाची खुर्च्या मांडायला पुढे गेली होती. आत्या ताट घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. खालच्या मजल्यावर दार उघडलं. तिथले गाण्याचे मास्तर कपाळाला आठ्या घालून आत आले आणि आठ्या तिथल्या तिथे विरल्या. नाकपुड्या फुलल्या, मान आपोआप ताटाकडे वळली, गळ्याची घाटी खाली-वर झाली. पुढच्या मजल्यावर दोघी बहिणी भांडत आत शिरल्या त्या वाक्य अर्धवट सोडून गप्प झाल्या. एकीने डोळेच मिटले. आत्या आपल्या बघतच राहिल्या. त्यांना येत नसलेला वास एकेका चेहऱ्यावर लख्ख दिसत होता.

तळमजल्यावर लिफ्टच्या दारापाशी उभे होते काकूंचे यजमान. साऱ्या गावाचे नळ आणि गटारं दुरुस्त करून निवृत्त झालेले, म्हणून सगळे त्यांना नळकाका म्हणत. कसलीही तुंबलेली मोरी असो, काका नाकाला रुमाल न लावता आत उतरायचे. लोक तोंडात बोटं घालायचे.

दार उघडलं. काकांनी आधी ताटाकडे पाहिलं, मग मास्तरांच्या तोंडाकडे, आणि मग म्हणाले, “वा वा वा! काय घमघमाट सुटलाय!”

आत्या थबकल्या. दुकानात कधीकधी असं गिऱ्हाईक येतं. डोळे अधू असतात, पण तक्ता पाठ केलेला असतो. खालची ओळ धडाधडा वाचून दाखवतं आणि नजर मात्र तिसरीकडेच असते. काकांच्या नाकपुड्या जराही हलल्या नव्हत्या.

हॉलला लागून छोटं स्वयंपाकघर होतं. काका ताट धरायला मदत म्हणून आत आले, तेव्हा आत्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, “काका, घोळ झाला हो. गडबडीत लसूण घालायचाच राहिला.”

“तेच म्हटलं मी,” काका तत्काळ म्हणाले. “बटरचाच वास जास्त येतोय.”

आत्यांनी फॉइल बाजूला केलं. लसणाचे सोनेरी कण चिरांतून डोकावत होते. काकांनी ते पाहिले आणि त्यांचे कान लाल झाले.

“कधीपासून?” आत्यांनी हळूच विचारलं.

“जन्मापासून.” काका दाराकडे बघत म्हणाले. “कुणाला म्हणून माहीत नाही. हिलासुद्धा नाही. लहानपणी वाटायचं, लोक उगाच काहीतरी बोलतात. मग कळलं की खरंच काहीतरी असतं. तोवर वा वा म्हणायची सवय लागून गेली. तुम्ही कसं ओळखलंत?”

“मलाही वास येत नाही. गेल्या थंडीपासून.”

काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू परमुलखात आपली भाषा बोलणारं कुणी भेटलं. स्टूल ओढून ते समोर बसले. “म्हणजे तुम्हाला आधी यायचा! मग सांगा ना, कसा असतो? लसणाचा?”

आत्या म्हणाल्या, “चव नव्हे हं. चव तुम्हालाही कळते, ती तिखट लागते. वास म्हणजे... शेजारच्या खोलीत कुणी बोलत असावं, दिसत नाही, शब्द कळत नाहीत, पण कोण आहे ते कळतं. तसा.”

“आणि लसूण म्हणजे कोण?”

“मोठ्या आवाजाचा माणूस. कच्चा असतो तेव्हा भांडतो. बटरमध्ये परतला की तोच माणूस जेवून उठल्यावर बोलतो तसा बोलतो.” निम्मं वर्णन भाचीचं होतं, ते आठवून त्यांना हसू आलं.

काकांनी एक तुकडा तोडला, चीजची तार लांबवर ओढली, डोळे मिटून चावले आणि कान टवकारून ऐकल्यासारखे बसून राहिले. मग एकाएकी त्यांनी विचारलं, “माणसांनाही असतो म्हणे वास. ही... आमची ही कशी आहे?”

आत्या विचारात पडल्या. जिन्यात काकूंच्या शेजारी कितीदा टेकल्या होत्या, पण त्या वासाकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. आणि आता त्यांना तो घेता येणार नव्हता. तो घेऊन सांगेल असं हक्काचं माणूस एकच होतं. त्यांनी भाचीला आत बोलावलं, दार लोटलं आणि तिला सगळं सांगितलं, काकांचं आणि स्वतःचंही.

भाचीचा चेहरा पडला. “इतके महिने? आणि मी तिथेच, त्याच घरात?”

“रागव नंतर. आधी एक काम कर.”

ती रागावलेलीच बाहेर गेली. फटीतून दोघं बघत होती. तिने काकूंना कडकडून मिठी मारली, खांद्यावर नाक टेकवलं, चांगला दीर्घ श्वास घेतला आणि परत आली. राग कुठल्या कुठे पळाला होता.

“इस्त्री फिरताना कापडाला येतो ना, तसा. उबदार. त्यात थोडी लवंग. आणि केसांत... थांबा, पुन्हा बघून येते.”

“कशाला?” दारात काकू उभ्या होत्या. “हुंगून झालं नाही वाटतं? काय कारस्थान चाललंय तुमचं?”

 शेवटी काका उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, “मला वास येत नाही. कधीच आला नाही.”

“मग?” काकू म्हणाल्या.

“मग म्हणजे? तुला माहीत होतं?”

“अहो, लग्नाला महिना झाला नव्हता तेव्हा दूध करपून सगळ्या घरात जळका वास भरला होता, आणि तुम्ही आतल्या खोलीतून ओरडलात, वा वा, आज काय खास शिजतंय? तेव्हापासून माहीत आहे.”

“बोलली का नाहीस?”

“इतकं मनापासून वा वा करत होता. म्हटलं, करू दे.” काकूंनी पदर खोचावा तसा दुपट्टा खोचला आणि ताट उचललं. मग थबकून त्यांनी भाचीला विचारलं, “लवंग म्हणालीस ना? ती दातासाठी लावते गं मी. इतकी येते?”

काका त्यांच्याकडे बघत होते, नवीन ओळख झाल्यासारखे. “लवंग कशी असते?” त्यांनी विचारलं.

काकूंनी ताट परत ओट्यावर ठेवलं. बाहेर मास्तर ब्रेड कुठे अडकला म्हणून हाका मारत होते. भाचीने आत्यांचा हात धरला आणि त्यांच्या कानाशी लागून म्हणाली, “उद्यापासून सकाळी कॉफीचा मी सांगत जाईन. पण तू लपवायचं नाही.”

“नाही लपवणार,” आत्या म्हणाल्या. “आता गप्प बस जरा. मला ऐकू दे, लवंगेचं कसं सांगतात ते.”