परातीतलं पिवळं पाणी

"निघालं! पाह्य ना बे, पिवळं धम्मक निघालं!" गर्दीतून कोणीतरी ओरडलं.

रामाकोन्याजवळच्या त्या लहानशा वस्तीत प्रार्थनाघराच्या अंगणापासून थेट संत्र्याच्या बागेपर्यंत माणसं उभी होती. मोहगावच्या बैलगाड्या कडेला सोडलेल्या होत्या, सौंसरच्या सायकली झाडांना टेकवलेल्या. मध्यभागी पाटावर एक म्हातारा हात पुढे करून बसला होता. ब्रदर पास्कल त्याच्या हातांवर चुन्याची निवळी ओतत होता, आणि म्हाताऱ्याच्या बोटांवरून ओघळणारं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं होऊन पांढऱ्या परातीत पडत होतं.

"देखो, देखो! कावीळ पाण्यात उतरून राहिली!" पास्कल ओरडला. "मरियामाता की जय! आता घरी जायचं, भात खायचा. पण याद राखा, गोळी नाही, सुई नाही! डॉक्टरची सुई अन् मातेचं पाणी एका अंगात राहत नाही. माता रुसते!"

"माता रुसते!" लोक कुजबुजले.

परात ब्रिजितानं धरली होती.

ब्रिजिता वसईची. बी.ए. झाल्यावर तिच्या चर्चच्या धर्मग्रामातल्या तरुण मंडळानं तिला एका वर्षाच्या सेवेसाठी इथल्या कॅथलिक वस्तीत पाठवलं होतं. पोरांना शिकवायचं, म्हाताऱ्यांना प्रार्थना वाचून दाखवायची, सिस्टर तेरेसितांच्या दवाखान्यात पट्ट्या गुंडाळायच्या, एवढंच काम. वर्ष निम्म्यावर आलं तरी आपल्या हातून काही घडलं असं तिला वाटत नव्हतं. त्यातच सिस्टरची आई केरळात आजारी पडली. जाताना सिस्टर बजावून गेल्या होत्या, "यंदा कावीळ फार आहे. डोळे पिवळे दिसले की सौंसरच्या सरकारी दवाखान्यात पाठव. आणि गरोदर बाई असली तर क्षणभर थांबू नको."

सिस्टर गेल्या आणि पास्कल आला. पांढरा झगा, गळ्यात लाकडी क्रूस, डोळ्यांत पाणी. ब्रिजितानं विचारलं होतं, "तुम्हाला बिशपांनी पाठवलं का?"

"बेटी, मला मातेनं पाठवलं."

हे उत्तर तिला त्या वेळी फार सुंदर वाटलं होतं. पुढे तिला ज्या ज्या गोष्टींची लाज वाटली, त्यांत ही पहिली.

पास्कलची रीत ठरलेली होती. आधी पितळी गडव्यातलं अभिषेकाचं पाणी रोग्याच्या हातांना चोळायचं. ते वाळेपर्यंत सगळ्यांनी प्रार्थना म्हणायची. मग निवळी ओतायची. बरे झालेले लोक परत येऊन मेणबत्ती लावायचे. कावीळ बहुतेकांची विश्रांतीनं आपोआप उतरते, हे ब्रिजिताला ठाऊक नव्हतं. आणि जे बरे झाले नाहीत ते मेणबत्ती लावायला येत नव्हते, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

एके दिवशी देवीदास आपल्या बायकोला घेऊन आला. तो संत्र्याच्या बागेत मजुरी करायचा. यमुना सातव्या महिन्यात होती, डोळे लिंबासारखे पिवळे. तिला पाहताच ब्रिजिताला सिस्टरचे शब्द आठवले. पण पास्कल म्हणाला, "दोन जीव आहेत म्हणून दोनदा हात धुऊ," आणि तिनं परात उचलली.

यमुना तिसऱ्यांदा आली तेव्हा मागून तिची नणंद मंगला येऊन थडकली. मोहगावच्या शाळेत ती शिक्षिका होती.

"दादा, काय करून राहिला तू इथं? घरात बाबासाहेबांचा फोटो लावला, अन् इथं हात धुवून राहिला? वहिनीले सौंसरले ने!"

"ताई सोबत हायत ना," देवीदास ब्रिजिताकडे बोट दाखवून म्हणाला. "शिकलेल्या हायत. लोकाइसाठी घरदार सोडून आल्या. त्या कायले खोटं करतीन?"

ब्रिजिताला ते ऐकून बरं वाटलं. अगदी गालांवर लाली येण्याइतकं बरं वाटलं.

मंगला पास्कलकडे वळली. "हे पिवळं कावीळचं हाय म्हणता ना? मंग ज्याले कावीळ नाही त्याचे हात धुवा. पाहू दे लोकाइले."

पास्कल जरा थबकला, मग हसून ब्रिजिताकडे वळला. "बेटी, तूच ये."

ब्रिजितानं परात खाली ठेवून हात पुढे केले. त्यानं निवळी ओतली. पाणी पडलं ते जसंच्या तसं, पांढुरकं. लोकांनी जयजयकार केला. मंगलाचा चेहरा उतरला. कुठेतरी काहीतरी चुकतंय हे तिला कळत होतं, पण नेमकं कुठे ते सापडत नव्हतं. ती निघून गेली. देवीदास तर आता निश्चिंतच झाला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी पास्कल ओढ्यावर आंघोळीला गेला होता. ब्रिजिता त्याचं सामान मांडत होती. गडवा घासावा म्हणून तिनं आतलं पाणी बादलीत ओतलं, तर तळाशी झाडाच्या सालीचे तुकडे. मोडून वास घेतला. आंब्याची साल. तिचे हात त्या तांबूस पाण्यानं भिजले होते. शेजारच्या परातीतल्या निवळीत एक वाळकं पान पडलं होतं, ते काढायला तिनं हात बुडवला, आणि तिच्याच बोटांमधून पिवळा रंग पाण्यात पसरला.

आधी ती घाबरली. मला कावीळ झाली! धावत जाऊन आरशात पाहिलं. डोळे स्वच्छ पांढरे होते.

मग ती तिथेच भिंतीला टेकून बसली. मंगलासमोर त्यानं तिच्या हातांवर नुसती निवळी ओतली होती. गडव्यातलं पाणी तिला चोळलंच नव्हतं. एवढी साधी गोष्ट! परात तिनं इतके दिवस धरली, आणि बघितलं मात्र एकदाही नव्हतं. ज्या मंगलानं बरोबर प्रश्न विचारला, तिला गप्प करायला ब्रिजिताचे स्वतःचे निर्मळ हात कामी आले होते.

अंगणात माणसं जमू लागली होती. गुपचूप सौंसरची बस धरावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात बैलगाडी वाजली. देवीदासनं यमुनेला गाडीत निजवून आणलं होतं. ती बरळत होती, माणसं ओळखत नव्हती.

"ताई, इचं काय होऊन राहिलं पाहा ना!"

ब्रिजितानं हात स्वच्छ धुऊन पुसले आणि ती बादलीतलं ते पाणी व ताजी निवळी घेऊन बाहेर आली. तिनं गडव्यातली साल डाव्या मुठीत धरून वर केली.

"ही आंब्याची साल आहे. भिजवून तिचं पाणी हाताला लावलं आणि वर चुन्याचं पाणी ओतलं की रंग पिवळा होतो. कोणाचाही हात असो. पाहा!" तिनं डावा हात बादलीतल्या पाण्यात बुडवून काढला, उजवा कोरडा ठेवला. मग दोन्हींवर निवळी ओतून घेतली. उजव्या हातावरून पांढरं पाणी पडलं, डाव्यावरून पिवळं.

"माझ्या एकाच हाताला कावीळ झाली का?"

पास्कल ओढ्यावरून परत येत होता. "सैतान! पोरीच्या अंगात सैतान शिरला! सब लोग मागे हटा!"

गर्दीतला एक गाडीवान पुढे झाला. "अरे, हा तं पांढुर्ण्याचा भैय्याजी! झग्यानं वळखू नाही आला. तिथं देवीच्या नावानं हेच करे. तिथं म्हणे, देवी रुसते!"

एरवी लोक पोट धरून हसले असते. पण गाडीत यमुना कण्हत होती. त्या शांततेतच भैय्याजी झगा वर खोचून बागेतून पसार झाला. त्याच्यामागे कोणी धावलंही नाही.

सौंसरचा दवाखाना आता पुरणार नव्हता; संत्र्याच्या ट्रकमधून देवीदास आणि ब्रिजितानं यमुनेला नागपूरला नेलं. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि चढ्या आवाजात विचारलं, "इतके दिवस कुठे होता तुम्ही?"

देवीदासनं ब्रिजिताकडे पाहिलं.

"माझ्याकडे," ब्रिजिता म्हणाली.

यमुना वाचली. मूल वाचलं नाही. ब्रिजितानं डॉक्टरांना एकटीनं गाठून विचारलं, की आधी आणलं असतं तर? त्या थकलेल्या होत्या, पण खोटं बोलल्या नाहीत. "गरोदरपणातली कावीळ फार वाईट. मूल वाचलं असतंच, असं मी सांगू शकत नाही. पण आम्हाला प्रयत्न करायला दिवस मिळाले असते. ते तुम्ही दिले नाहीत."

यमुना घरी आल्यावर ब्रिजिता तिला भेटायला गेली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, पण दारातच सगळं विसरली. यमुना भिंतीकडे तोंड करून निजली होती. तशीच पडून ती म्हणाली, "त्या मानसाले आम्ही कुठं वळखत होतो, ताई? आम्ही तं तुमाले पाहून आलो."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं ब्रिजिताला वाटलं. मंगलानं दिलेलं पाणी तिनं तसंच खाली ठेवलं.

सिस्टर परतल्या. ब्रिजिताला घरी जायची मुभा त्यांनी देऊ केली. ती गेली नाही. उरलेलं वर्ष ती आणि मंगला सौंसर, मोहगाव, पांढुर्णा करत हिंडल्या. बाजाराच्या दिवशी एखाद्या ओट्यावर उभं राहायचं, साल आणि चुना मांडायचा, लोकांचेच हात धुवायचे. काही हसायचे, काही चिडायचे. एकदा सौंसरला एका म्हातारीनं विचारलं, "मंग बाई, देवाले मानावं का नाही?"

"माना आजी. मीही मानते," ब्रिजिता म्हणाली. "पण देवाच्या नावानं कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर तो माणूस देवाचा नाही. कोणी चमत्कार दाखवला तर म्हणा, रोग्याला जे लावलं तेच निरोग्याला लावून दाखव, आमच्या डोळ्यांदेखत. शेजारी कोण उभं आहे, ते पाहून विश्वास ठेवू नका. चांगली माणसंही चुकतात, आणि त्यांच्या चुकीची शिक्षा तुम्हाला होते. डोळे पिवळे दिसले की दवाखान्यात जा. पोटात मूल असलं तर त्याच घडीला जा. वाटेत मी भेटले, तर मला विचारायलाही थांबू नका."