नदीकडची रेघ

पांढरा ठिपका. उडदाच्या डाळीएवढा — छे, तेवढाही नाही, खसखशीएवढा. आणि त्याच्या खाली, की त्याच्या जरा अलीकडे, ती रेघ. इस्माईलने चष्मा कपाळावर सरकवला, मोबाईल नाकापाशी आणला, मग हात लांब करून धरला. ठिपका हलत नव्हता, कारण त्यानेच अंगठ्याने दाबून तो थांबवला होता, आणि तरी तो नीट दिसत नव्हता. एकाहत्तराव्या वर्षी डोळे अधू होणारच, त्यात काय मोठंसं.  सकाळी त्याने कप बशीत आपटला तेव्हा बायको, हसीना, म्हणाली होती, "आज काय भूकंप हाय का घरात?" आणि तो उगाचच तिच्यावर खेकसला होता.

अकरा वाजता अजित येणार होता. आत्ता साडेनऊ. म्हणजे दीड तास, आणि दीड तासात मॅच पुरी बघून होत नाही, कारण ती सव्वातीन तासांची आहे. गेल्या चार दिवसांत नऊ वेळा बघितली म्हणून हे पाठ. बत्तीस वर्षांपूर्वी भोरच्या टेनिस क्लबच्या ग्राउंडवर, नीरेच्या काठी, लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका बाबाने ती कॅसेटवर घेतलेली. त्याला मॅचपेक्षा मांडवात जास्त रस. चेंडू ऐन रंगात आला की कॅमेरा खुर्च्यांवरच्या बायकांकडे, सरबताच्या पिंपाकडे, एकदा तर चक्क झाडावरच्या कावळ्याकडे. ती कॅसेट इतकी वर्षं कुणाच्या तरी माळ्यावर पडली होती. कुणीतरी ती मोबाईलवर आणली, ती अजितला मिळाली, आणि अजितने इस्माईलला पाठवली. खाली लिहिलं होतं — चाचा, शेवटचा चेंडू बघून ठेवा, रविवारच्या आत काम आहे.

शेवटचा चेंडू बघून ठेवा म्हणे. अरे बाबा, शेवटचा चेंडू सोडून मी दुसरं बघितलंय काय आयुष्यात.

इस्माईल त्या क्लबचा मार्कर होता. गवत कापायचं, रोलर ओढायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळी ताणायची, आणि एखाद्या साहेबाला जोडीदार मिळाला नाही की त्याच्याशी खेळून बरोब्बर हरायचं. हरण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण जिंकायचं कसं तेही त्याला ठाऊक होतं आणि ते त्याने एकट्या अजितला शिकवलं. अजित वरवे बुद्रुकच्या बौद्धवस्तीतला. काटक, अबोल, गुडघ्यात वाकून खेळणारा. गवतावर चेंडू उठत नाही, सरपटत येतो. जो वाकेल त्याचं गवत. अजित वाकायचा. समोर पुण्याचा पोरगा होता, सहा फुटी, सर्व्हिस अशी की जाळीच्या वरून वीट यावी. पहिले दोन सेट त्याने घेतले, चार-सहा, पाच-सात. बघणारी माणसं उठून चहाला गेली. आणि मग तिसरा सेट...

तिसरा सेट कुणालाच आठवत नाही. सगळे पाचव्याचं बोलतात. तिसरा-चौथा अजितने घेतला, पाचव्यात सात-आठ, पुण्याच्या पोराला मॅच पॉइंट, अजितने उजव्या बाजूने सणसणीत मारला, चेंडू नदीकडच्या रेघेपाशी पडला आणि रेघेवर बसलेल्या हणमंत गुरुजींनी हात वर केला. आउट. संपलं. जिंकणाऱ्याला राज्याच्या शिबिरात जागा होती, शिबिरातून खेळाडूंच्या कोट्यात नोकरी. अजित हायवेवरच्या एका कारखान्यात लागला, शिफ्टमध्ये. आणि गुरुजी... गुरुजी विंझरच्या शाळेतले, सरळ माणूस. वरव्यापासून वेल्ह्यापर्यंत बोललं गेलं की गुरुजींनी वस्तीवरच्या पोराला मुद्दाम पाडला, पुण्याच्या बड्या घरचा राखला. एसटीत चढताना मागून कुणीतरी ओरडायचं, "आउट!" आणि अख्खी गाडी हसायची. हे एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही. माणूस रिटायर झाला तरी चाललंच होतं.

आणि चेंडू आत होता.

हे जगात एकट्या मला माहीत आहे. गुरुजींना नाही, अजितलाही नाही. त्याला नुसतं वाटतं. मला माहीत आहे.

त्या आठवड्यात स्टीलची टेप मोडली होती. नवी आणा म्हणून तीनदा सांगितलं, कुणी आणली नाही, मग त्याने आपली सुती दोरी काढली, एकोणचाळीस फुटांवर गाठ मारलेली. जाळीपासून मागच्या रेघेपर्यंत एकोणचाळीस. आदल्या संध्याकाळी ती गवतावरच राहिली. नोव्हेंबरचं दव, नदीकाठ. सकाळी उचलली तेव्हा पिळली तर पाणी निघालं असतं. सुती दोरी भिजली की आखडते. हे कुणाला सांगायला लागतं? बाईला वाळत घालायच्या दोरीवरून कळतं, गुराख्याला दाव्यावरून कळतं, आणि मी मार्कर, अठरा वर्षं हेच काम केलेला, पहाटेची फज्रची नमाज पढून तसाच गेलो आणि ओल्या दोरीने नदीकडची रेघ मारली. मग चहा प्यालो. ऊन आलं, दोरी वाळली, आणि रस्त्याकडची रेघ बरोबर पडली. मॅच संपल्यावर, माणसं पांगल्यावर, दोरी गुंडाळताना सहज गाठ नदीकडे धरली — तर ती रेघेच्या पलीकडे. चार बोटं.

चार बोटं! आणि अजितचा चेंडू रेघेबाहेर होता दोन बोटं.

तेव्हा नोकरीची भीती वाटली होती, असं तो इतकी वर्षं स्वतःला सांगत आला. खोटं नव्हतं ते. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याने रोलर फिरवला, पाणी मारलं, वाळल्या दोरीने नवी रेघ ओढली. झालं. आणि दोन वर्षांनी गुरुजी स्वतः आले होते, विंझरहून दोन एसट्या बदलून, हातात आंबेमोहोराची पिशवी. ओट्यावर बसले, पाणी प्याले, बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत राहिले. मग म्हणाले, "इस्माईलभाई, रेघ बरोबर होती ना हो? मला चेंडू बाहेर दिसला. अगदी स्वच्छ दिसला. पण लोक इतकं बोलतात की आता माझं मलाच..." आणि इस्माईल म्हणाला होता, "इंच न इंच बरोबर होती, गुरुजी." गुरुजींचा चेहरा असा काही उजळला की बस्स. "मग झालं," ते म्हणाले, "मग लोकांचं लोक जाणोत." तो तांदूळ हसीनाने ईदला केला. सगळ्यांनी वाहवा केली. इस्माईलच्या घशाखाली उतरला नाही.

बाहेर मोटारसायकल थांबली. अकरा वाजायचे होते अजून. मेला वेळेच्या आधी आला.

"सलाम, चाचा."

"जय भीम. ये, बस."

अजितचे केस पांढरे झालेत हे इस्माईलला दर वेळी नव्याने दिसायचं. बावन्न वर्षांचा बाप्या, आणि तरी ओट्यावर बसताना तसाच गुडघ्यात वाकून बसला. हसीना चहा ठेवून गेली. "स्नेहल कशी हाय रे?" तिने आतूनच विचारलं. "खेळती की, चाची. पुण्यात. सारखी इचारती, पप्पा, तुमी कसं हरला?" अजित हसला. "म्या सांगतो, तुजा बाप हरला न्हाई, त्याला हरवला."

त्याने बशी बाजूला सारली, मोबाईल काढला.

"चाचा, सरळच बोलतो. रविवारी विंझरला गुरुजींचा सत्कार हाय. ऐंशी वर्षं पुरी झाली. शाल, फेटा, भाषणं, आदर्श शिक्षक आन काय काय. त्याच्या आधी मला ही फिल्म सगळ्या ग्रुपवर टाकायची हाय. शेवटचा चेंडू. आन त्याच्या मागं तुमचा आवाज. तुमी फकस्त एवढंच बोला — चेंडू आत होता. मार्करच्या शब्दाच्या पुढं कोन बोलतंय?"

"ऐंशीव्या वर्षी त्या माणसाची अब्रू घेतोस व्हय?"

"माझी विसाव्या वर्षी घेतली तवा?"

 अजितच्या अंगठ्याखाली लाल गोल दिसत होता, दाबला की रेकॉर्डिंग सुरू. चेंडू आत होता. तीन शब्द. खरे आहेत, देवाशपथ खरे आहेत. बत्तीस वर्षांत या घरात इतकं खरं कुणी बोललं नसेल. आणि हे तीन खरे शब्द तोंडातून निघाले की गुरुजींवर पडतील, गुरुजी फेटा बांधून बसलेले असताना... तिथपासून ते विंझरच्या स्टँडपर्यंत... तोबा, तोबा. आणि पुढचं बोलावं? दोरीचं? मग गुरुजी सुटतात, अजितला न्याय मिळतो, आणि अजित या ओट्यावर पुन्हा कधी — नाही. आणि न्याय तरी कसला? चार दिवस हेच तर टोचत होतं. शेवटचा आत धरला असता तर नुसती बरोबरी, ड्यूस, झाली असती, जिंकला असताच असं कुठे आहे. आणि चार बोटं द्यायची तर सगळ्यांनाच द्यावी लागतील, मग तिसऱ्या सेटचं काय?

"तिसरा सेट बघितलास का?" तो एकदम म्हणाला.

"कशाला? त्यात काय हाय?"

"बघ तर."

त्याने स्वतःचा मोबाईल घेतला. अंगठा दोनदा चुकला, कावळा आला, सरबताचं पिंप आलं, मग सापडलं. तिसरा सेट, अजित चार-पाचने मागे, पुण्याच्या पोराला मॅच पॉइंट. अजित नदीकडे उभा. त्या पोराने खोल मारला, अजित पोचला नाही, चेंडू रेघेपाशी पडला. गुरुजींचा हात वर. इस्माईलने तिथेच थांबवलं.

"ह्यो कसा वाटतो?"

"आउट. ढळढळीत आउट हाय, चाचा. मधी हिरवं दिसतंय की."

"कुनी दिला?"

"गुरुजींनीच."

"ह्यो आत दिला असता तर?"

"तर... तर तिथंच खेळ खलास. तीन सेटात."

"आता तुझा काढ. शेजारी धर."

दोन मोबाईल ओट्यावर शेजारी शेजारी. अजितने खिशातून चष्मा काढला. पुष्कळ वेळ तो या पडद्यावरून त्या पडद्यावर बघत राहिला, बोट लावून अंतर मापलं, पुन्हा मापलं. आत हसीना कांदा चिरत होती. इस्माईलला वाटलं आता तो विचारील — चाचा, दोन्ही चेंडू इतक्या नेमक्या जागी पडले, आणि तिथून जाळीपर्यंतचं अंतर जरा कमी नाही का वाटत? विचार रे. विचार, म्हणजे मला सांगावं लागेल.

"हितंबी हिरवं दिसतंय," अजित हळू म्हणाला. "दोन बोटं. दोन्ही तेवढंच."

मग त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"बत्तीस वर्षं त्या मानसाला शिव्या घातल्या म्या, चाचा. तो हातानं वाचवून गेला मला तिसऱ्या सेटात, आन माझ्या ध्यानातबी न्हाई." तो हसला, नाक ओढलं, परत हसला. "आता स्नेहलला सांगतो, बाप हरला. हरला तर हरला. चांगला खेळून हरला, काय?"

त्याने ग्रुपसाठी कापून ठेवलेला तुकडा पुसून टाकला. इस्माईलच्या समोर. चेहऱ्यावरून काहीतरी उतरल्यासारखा तो दिसत होता, वयाने पाच वर्षांनी कमी.

"विंझरला आत्ताच जाऊन येतो. रविवारची वाट कशाला बघू. पाय धरतो त्यांचं. तुमी नसता तर लई मोठं पाप झालं असतं माझ्या हातनं."

"अजित," इस्माईल म्हणाला.  "बस जरा. ती रेघ—"

"रेघेचं काय? अवो चाचा, साऱ्या तालुक्याला म्हाईत हाय. तुमची रेघ कदी चुकली न्हाई." आणि वाकून त्याने इस्माईलच्या गुडघ्याला हात लावला, चपला पायात सरकवल्या, आणि गाडीला किक मारून गेलासुद्धा.

गुरुजी सुटले. अजितही सुटला, त्याचा तो सुटला. उद्या पोरीला फोनवर हसत सांगेल. हे दोघे माझ्या छातीवर बसलेत, हे उतरले की मी मोकळा, असा हिशेब होता ना? उतरले की. दोघेही एका सकाळी उतरले, आणि दोरीचं कुणाला सांगावंही लागलं नाही. मग अजितच्या मागे धावत जाऊन, नसरापूरच्या फाट्यापर्यंत ओरडत जाऊन ते सांगावं असं का नाही वाटत? पाय का उचलत नाहीत? नोकरीची भीती नाही आता. क्लबही नाही, साहेबही नाहीत, सगळे मरून गेले. अजित तुटेल ही भीती म्हणावी, तर तीही आत्ता, या क्षणी, नाही. काहीच भीती नाही. तुमची रेघ कधी चुकली नाही, असं तो म्हणाला, आणि मी ते ऐकलं, आणि ऐकताना...

हसीना हात पुसत दारात आली. "काय वो, त्यो तर खुशीत गेला. तुमालाच काय झालं?"

"मीबी खुशीतच हाय," इस्माईल म्हणाला, आणि हे खोटं नाही, ते रेघेचं वाक्य अजून कानात गोड वाजतंय, असं त्याच्या लक्षात आलं.