अस्तराखालची चार बोटं

मास्तरांनी कात्री उचलली की कापड आपणहून दुभंगतं, असं सगळी गल्ली सांगायची. गल्लीला ते मास्तरांनीच सांगितलेलं. पण या वेळी बढाई अंगाशी आली. समोरच्या दुकानातल्या तरुण टेलरशी त्यांनी पैज मारली होती: लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी लग्नातलीच पँट घालून दाखवीन, नाही जमलं तर उरलेलं आयुष्य तुझ्या हातच्या पँटी घालीन. टेलरच्या अंगावर दुसऱ्या टेलरची पँट! त्यापेक्षा टॉवेल गुंडाळून फिरलेलं परवडलं.

तो दिवस उजाडला आणि मास्तर आरशापुढे श्वास रोखून उभे. पँट तीस कमरेची, मास्तर पस्तीसचे. बटण आणि काज एकमेकांना लांबूनच बघत होते.

"सोडा तो श्वास. काळेनिळे व्हाल," बायको म्हणाली.

गिऱ्हाइकाच्या पँटीत मास्तर मागच्या शिवणीला दोन बोटं जादा कापड ठेवायचे. पुढेमागे पोट सुटलंच, तर उसवून सैल करता येते. स्वतःच्या पँटीत मात्र नखाएवढंही ठेवलं नव्हतं. "गिऱ्हाइकं सुटतात. मी नाही सुटणार," असं पंचविशीत ऐटीत म्हणाले होते.

"ब्लेड द्या इकडे."

"अगं, आत काही नाहीये! मीच कापलीय ना."

"कापलीत तुम्ही. शिवली कुणी?"

शिवली तिनंच. तेव्हा ती त्यांच्या वडिलांच्या दुकानात कामाला होती. काजं, तुरपाई, कमरेचं अस्तर, थोडक्यात पँटीत जे कुणाला दिसत नाही ते सगळं तिच्याकडे. तिनं मागच्या शिवणीवरची अस्तराची पट्टी उचलली, टाके तोडले आणि घडी उलगडली. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं कापड! बाहेरून पँट विटून राखाडी झाली होती. आतलं अजून गडद निळं, ठाण उघडलं त्या दिवशीसारखं.

मास्तरांनी ते बोटांनी चाचपून पाहिलं. "हे आलं कुठून?"

"तुम्ही खडूची रेघ मारून चहा सांगायला गेलात. मी ती पुसून बाहेर सरकवली. तुमच्या वडिलांचं पोट रोज बघत होते ना मी!"

"आणि मला कळलं नाही?"

"कळणार कसं? कापताना लक्ष कुठं होतं तुमचं?"

मास्तरांना आठवलं. ती खिडकीपाशी बसली होती. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून, एक डोळा मिटून सुईत ओवत होती. त्या दिवशी कात्री खरोखरच आपणहून चालली होती.

दुपारी, तिनं सैल करून शिवून दिलेली पँट घालून मास्तर रुबाबात रस्ता ओलांडून गेले. मागोमाग बायको. समोरच्यानं पुढून पाहिलं, मग वळसा घालून मागून पाहिलं. मधोमध निळी पाचर चमकत होती.

"मास्तर, मानलं! पन्नास वर्षं आधी एवढा विचार करून कापलीत?"

हो म्हणायला मास्तरांनी तोंड उघडलं. बायको दाराशी पदराचं टोक चाळवत उभी होती.

"मी कसला विचार करतोय," मास्तर म्हणाले. "ही सगळी हिची करामत."

घरी येताना ती हळूच म्हणाली, "अर्धं बोट अजून आहे आत. जेवताना लक्षात असू द्या."