पाणी काढलंय

मी पटकन आभार मानणारी बाई नाही. जिल्हा परिषदेत बत्तीस वर्षं टेबल सांभाळलं; तिथे लोकांनी माझे आभार मानले, मी कुणाचे मानल्याचं आठवत नाही. पण यंदा मला आल्हादचे मानायचे आहेत, सावळीरामचे मानायचे आहेत आणि सर्वांत जास्त आमच्या यांचे. तोंडाने ते जमेना, म्हणून लिहायला बसले.

आमचे हे म्हणजे शरच्चंद्र. ओझरच्या विमान कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. रेष जरा हलली तर जेवण गोड न लागणारा माणूस. दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. वाचा शाबूत राहिली, उजवा हात राहिला. दांडी धरून मिनिटभर उभे राहतात, एखादं पाऊल टाकतात, त्यापुढे चाकाची खुर्ची.

लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली, आणि तेवढी वर्षं यांच्या अंघोळीचं पाणी मीच काढलं. कढत पाण्यात गार पाण्याचं विसण किती घालायचं हे माझ्या हाताला पाठ आहे. बोट बुडवून बघायचं आणि हाक मारायची, "अहो, पाणी काढलंय." माझी ऑफिसची बस चुकत असली तरी आधी ती हाक.

आजारपणानंतर मी पाणी काढून अंघोळही घालू लागले, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून. एकदा ती खुर्ची सटकली आणि आम्ही दोघंही फरशीवर. शेजारची माणसं धावून आली, यांना तसंच ओलं, उघडं उचलून पलंगावर नेलं. कुणी वावगं बोललं नाही. पण त्या दिवसापासून हे अंघोळीला तयारच होईनात. ओल्या टॉवेलने अंग पुसायचं, तेही भिंतीकडे तोंड करून. मला डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. माणूस ठेवू या म्हटलं, तर म्हणाले, "कुणी बघायचं नाही, गोदा. माझी मला करता आली तर करीन अंघोळ. नाहीतर राहू दे."

असे सहा महिने गेले. यांचं बोलणं आटलं. पेपर उघडायचे आणि एकाच पानावर तासभर बसायचे. अंघोळीसारखी अंघोळ, पण तिच्यापायी माझ्यासमोर एक माणूस मिटत चालला होता.

आल्हाद, आमचा मुलगा, पुण्याला असतो. त्याने दार असलेला टब शोधून काढला. मी हसले होते. टब म्हणजे हॉटेलातली चैन, आणि त्याच्या काठावरून पाय कोण टाकणार? पण याला एका बाजूला बाहेर उघडणारं छोटं दार होतं, आत खुर्चीच्या उंचीची बैठक होती, धरायला दांड्या होत्या. खुर्चीतून उठायचं, एक पाऊल, की बसलात. मग दार ओढून खटका लावायचा. नळ, हातातला शॉवर, पाणी सोडायचं बटण, सगळं उजव्या हाताशी. आमच्या नातीने, ओवीने, व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून बाथरूमची मापं तीनदा घेतली. आजोबांवर गेली आहे.

टब बसवायला सावळीराम नावाचा प्लंबर घोटीहून यायचा. दोन दिवस खपला आणि जाताना म्हणाला, "आजी, आधी बाबांनी आत बसायचं, मंग दार लावायचं, मंग नळ. पाणी आधी भरायचं नाय. आन् निघताना पाणी समदं जाऊ द्यायचं, मंगच दार. धा मिन्टं लागतात." मी मान डोलावली. ऐकलं नाही, हे कबूल करते. अंघोळीतलं मला हा काय शिकवणार, असं मनात होतं.

सोमवारी सकाळी मी टब भरला. सोलरचं कढत पाणी, त्यात बेताचं विसण, मग बोट बुडवून पाहिलं. सहा महिन्यांनी ती हाक मारली. यांची खुर्ची टबाशी नेली आणि मी दाराचा खटका काढला.

दार माझ्या हातून हिसकावलं गेलं. भरलेला टब एका दमात बाहेर आला. यांच्या पायांवरून, उंबऱ्यावरून, हॉलमध्ये, सोफ्याखाली. सोलरची टाकी रिकामी झाली, म्हणजे त्या दिवशी अंघोळीचं नावच नको. मी टबाला नावं ठेवली, आल्हादला ठेवली, मग सावळीरामला फोन करून वाटेल ते बोलले आणि सांगितलं, उद्या ये आणि हे धूड काढून ने.

हे खांद्यावर पंचा टाकून तसेच बसले होते. मला वाटलं, संपलं. आता हे पुन्हा इथे पाऊल टाकत नाहीत.

"पाय तरी धुतले गेले," म्हणाले, आणि हसले. सहा महिन्यांनी हसले. मग म्हणाले, "टब राहू दे. उद्या फक्त तू पाणी काढायचं नाहीस."

मला राग आला. सत्तेचाळीस वर्षांच्या नोकरीवरून काढून टाकल्यासारखं वाटलं. रात्रभर मी धड बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सावळीराम पहिल्या एसटीने हजर. दाराची रबरी पट्टी बोटाने चाचपली आणि एवढंच म्हणाला, "टबाची काय चूक नाय, आजी." "मी सांगितलं होतं," असं त्याने म्हटलं नाही. मी असते तर दहादा म्हटलं असतं.

हे आत गेले. बाथरूमचं दार लोटून मी बाहेर स्टुलावर बसले. टबाचा खटका लागल्याचा आवाज आला, मग नळाचा. माझे हात नुसते मांडीवर पडलेले.

"घोटे," आतून आवाज आला. थोड्या वेळाने "गुडघे". मग "कंबर". ड्रॉइंगवरची मापं वाचावीत तसे हे वाचत होते. "छाती" म्हणाले, नळ बंद झाला, आणि त्यानंतर काहीच ऐकू येईना. मी उठले. स्वयंपाकघरात चहा पीत असलेल्या सावळीरामने हातानेच बसा म्हणून खुणावलं. बराच वेळ गेला. मग आतून हुंकार आला, मन भरल्यावर येतो तसा, आणि पाणी गडगडत जाऊ लागलं. मी पदराने डोळे पुसले.

तेवढ्यात पुन्हा नळ सुरू झाला.

आता टब परत भरतात की काय? सर्दी होईल, दम लागेल. मी तणतणत दाराला हात घातला, आणि आतून हाक आली.

"गोदा, पाणी काढलंय."

मी दार उघडलं. हे पंचा गुंडाळून टबात बसले होते, चेहरा लालबुंद, केस ओले. हातातला शॉवर टबाबाहेर धरला होता आणि खाली माझी निळी बादली भरली होती. वाफ येत होती.

"दहा मिनिटं नुसतं बसून काय करायचं?" हे म्हणाले. "रोज सगळ्यांत शेवटी गार पाण्याने उरकतेस. ठाऊक आहे मला. निवायच्या आत घे."

टब रिकामा झाल्यावर यांनी दार स्वतः उघडलं, दांडी धरून उठले, खुर्चीत बसले. मी त्यांना बाहेर सोडून परत आत आले आणि कडी लावली.

पाणी फार कढत होतं. विसण किती घालायचं हे यांना कुठून कळणार? गार पाण्याचा नळ हाताशी होता. मी तो उघडला नाही. पहिला तांब्या अंगावर घेतला, चांगला चटका बसला, आणि तसंच शेवटच्या तांब्यापर्यंत ते सगळं पाणी मी अंगावर घेतलं.