पूर्वेची भेग

पृथ्वीच्या पोटातले सत्य कुणालाही बदलता येत नाही, असे आमचे विभागप्रमुख प्रत्येक सभेत सांगत. तोवर त्यांच्या हाती नकाशा आलेला नव्हता.

नकाशा काढणाऱ्या बाई अकरा वर्षे कंत्राटी होत्या. आटत आलेल्या तेलविहिरीत दाबाने पाणी सोडायचे, तीन किलोमीटर खाली खडक तडकला की त्याचा आवाज शेजारच्या विहिरीत उतरवलेल्या यंत्रांनी टिपायचा, आणि एकेका आवाजाचा एकेक ठिपका मांडून भेग कुठवर गेली ते सांगायचे, हे त्यांचे काम. हा नकाशा साहेबांना पसंत पडला तर बाई कायम होणार होत्या. घरी सासूबाई रोज दारातच, चपला काढायच्या आत विचारत, "झालीस का गं?"

भेग जाईल तिकडून तेल मिळते, म्हणून नवी विहीर तिकडेच खोदायची असते. भेग पश्चिमेला गेली. नव्या विहिरीसाठी सिमेंटचा चौथरा मात्र पूर्वेला घालून झाला होता. संचालकांनी त्यावर उभे राहून फोटोही काढून घेतले होते.

साहेबांनी नकाशा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. ही यंत्रे तारेवरून खाली जाताना स्वतःभोवती फिरतात ना, असे त्यांनी विचारले. फिरतात, बाई म्हणाल्या. म्हणून तर आधी ठरल्या जागी एक बार उडवून त्यांची तोंडे कुठे आहेत ते बघून घेतो.

"मग अजून अर्धा फेरा फिरली असतील," साहेब म्हणाले. "तुमचा कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे, बाई. मला काही घाई नाही."

बाईंनी एक आकडा बदलला. एकशे ऐंशी अंश. नऊशे ठिपके मुकाट्याने पूर्वेला जाऊन बसले.

आठवड्यात कागद आला. सासूबाई तो शेजारणीला दाखवायला घेऊन गेल्या, तो दोन दिवस परत आलाच नाही.

पूर्वेला विहीर खोदली. खारे पाणी लागले. बाईंना जेवण जाईना. शेवटी आपण काय केले ते सगळे त्यांनी लिहून दिले. साहेबांनी तत्परतेने बडतर्फीची फाइल वर पाठवली. पण कायम माणसाला चौकशीशिवाय काढता येत नाही, आणि मूळ नकाशा बरोबर होता हे सिद्ध झाल्याशिवाय तो बिघडवला असे म्हणता येत नाही. म्हणून चौकशी समितीने पश्चिमेला विहीर खोदायला लावली.

तिथेही खारे पाणी लागले.